एकतीस पावलं

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, सख्ख्या भावाला नाही. देवापुढे हात जोडतानासुद्धा या गोष्टीला मी वळसा घालूनच पुढे जातो. तुम्हाला का सांगतोय? कारण नीट सापडत नाही. तुम्ही आमच्या गावचे नाही, हे एक असेल.

आधी माझ्याबद्दल थोडं सांगावं लागेल, नाहीतर पुढचं कळणार नाही. मला मोजायची सवय आहे. आमच्या गावात कुणाला घराचा पाया आखायचा असला, शेततळ्याचे कोपरे धरायचे असले, की मला बोलावतात. सरकारी मोजणीवाला येईल तेव्हा येईल. तोवर माझा टेप. माझ्याकडे एक जाड डायरी आहे. विहिरीचं पाणी कधी किती खाली गेलं, कुठल्या पावसानं किती ओल गेली, सगळं तिच्यात आहे. टेप नसला तरी अडत नाही. माझं पाऊल अडीच फुटांचं. शंभर पावलं टाकली की अडीचशे फूट. मागून टेप लावून बघा, हातभराच्या वर फरक निघणार नाही. गावात याची टिंगलही होते. लग्नाच्या वरातीत मी नाचत नाही, पावलं मोजत चालतो, असं म्हणतात. म्हणोत. पण वाद झाला की दोन्हीकडची माणसं माझ्याकडेच येतात — आणि मी आकडा सांगितला की दोघंही गप्प बसतात.

हे मी अभिमानानं सांगत नाही. सांगायचं आहे ते याच्याच आडून घडलं, म्हणून सांगतो.

माझा चुलतभाऊ किसनदादा आणि त्याची बायको मुक्तावहिनी. आमची दोघांची शेतं एकमेकांना लागून. आजोबांची एकच जमीन, बापांच्या काळात वाटणी झाली, मधे मातीचा बांध पडला आणि बांधाच्या दोन्ही टोकांना हद्दीचा एकेक दगड. दादा-वहिनी दरवर्षी दसरा झाला की ऊस तोडायला कारखान्याकडे जायची, ती उन्हाळा लागल्यावर परत यायची. आमच्याकडे निम्मं गाव असंच जातं. सहा महिने दारांना कुलपं. कुठल्या घरात माणूस नाही हे चोराला विचारावं लागत नाही, कुलूपच सांगतं.

नऊ वर्षं झाली. त्या वर्षी निघण्याच्या चार दिवस आधी वहिनी माझ्याकडे आली. हातात कडीचा छोटा स्टीलचा डबा. त्याच्यात काय आहे ते तिनं सांगितलं नाही, पण मला माहीत होतं. तिची पहिली मुलगी रेणू सहा वर्षांची असताना तापानं गेली. तिकडे, उसाच्या फडावरच. तिचे चांदीचे वाळे, तिच्या जावळाची पुरचुंडी, पाटीवरच्या पेन्सिलीचा एक तुकडा — आणि एक फोटो. वडवणीच्या बाजारात काढलेला. रेणूचा तेवढा एकच फोटो होता. तेव्हा त्यांच्याकडे मोबाइल कुठला?

आजवर वहिनी तो डबा बोचक्यात बांधून सोबत न्यायची. पण आदल्या हंगामात त्यांच्या शेजारची कोपी चुलीच्या ठिणगीनं जळाली होती. पाचटाची झोपडी ती, जळायला किती वेळ लागतो? घरात ठेवावा तर गावात दोन कुलपं फुटलेली. मग ती म्हणाली की शेतात कुठंतरी जागा करून द्या. दादाला सांगू नका. त्याच्या पोटात काही राहत नाही.

ती जागा मी केली. मन लावून केली, हे मला कबूल केलं पाहिजे. आमच्या दोघांच्या मधल्या बांधातच, कारण शेत नांगरतात, बांध कुणी नांगरत नाही. हातभर खोल खड्डा, वीतभर रुंद. तळाला फरशीचा तुकडा, म्हणजे खालून ओल येणार नाही. डबा दोन प्लॅस्टिकच्या पिशव्यांत, तोंड सुतळीनं आवळलेलं. वरून दुसरा फरशीचा तुकडा. त्यावर माती, आणि मातीवर मुळासकट कापून ठेवलेला हराळीचा तुकडा जसाच्या तसा बसवला. पाणी शिंपडलं. दुसऱ्या दिवशी मला स्वतःलासुद्धा जागा ओळखू आली नाही.

खुणेचा दगड ठेवायचा नाही, हे मीच सांगितलं. खूण आपल्याला दिसते तशी चोरालाही दिसते. खूण म्हणजे आकडा असला पाहिजे. मग वहिनीनं हद्दीच्या दगडाला टाच लावली, लुगडं जरासं वर खोचलं आणि बांधावरून मोजत आली. एकतीस. मी डायरीत लिहिलं — वहिनी, ३१. एवढंच लिहिलं.

ती कारखान्याला गेली. किती निश्चिंत गेली असेल!

आता पुढचं. स्वतःशी आठवतानासुद्धा इथे येऊन मी नेहमी थांबतो, आजही थांबलोय.

कापूस निघाला, शेतं मोकळी झाली. आमच्या बांधाला मधे पोट होतं, थोडा वाकडा होता. तो सरळ करावा असं माझ्या मनात आलं. सरळ करावा — हा शब्द मी तेव्हा स्वतःशी वापरला. सरळ करताना तो तीन फूट पलीकडे गेला, दादाच्या बाजूला. पोटापाशीच नाही, टोकापासून टोकापर्यंत. आणि दोन्ही दगड? दगड आपोआप सरकत नाहीत. ते मी पहारीनं उपटले आणि तीन फुटांवर नेऊन पुरले. बांधाची लांबी चारशेवीस फूट. म्हणजे बाराशे साठ चौरस फूट. एक गुंठा, आणि वर एकशे एकाहत्तर. शेताच्या हिशेबानं कपाशीची एक ओळ.

मला गरज होती का? नव्हती. पोरं शिकत होती, घर नीट चाललं होतं. जमीन आपल्याकडे इतकी आणि त्याच्याकडे तितकी, हे मी रोज बघत होतो, एवढंच. आजूबाजूची माणसंही सगळी तोडीला गेलेली. बघायला कोण होतं? अकरा दिवस मी एकट्यानं फावडं-टोपलं चालवलं. घरी सांगितलं की बांध दुरुस्त करतोय.

पहिल्याच दिवशी दगडाकडून बांध उकरत गेलो, फावड्याला फरशी लागली, आणि मी डबा काढून घेतला. त्याला इजा होऊ नये म्हणून. हसू नका — मी खरोखर त्याची काळजी घेतली. विहिरीवरच्या मोटारीच्या खोलीत, खताच्या रिकाम्या गोणीखाली तो अकरा दिवस ठेवला. बाराव्या दिवशी नव्या बांधात तसाच खड्डा केला. तीच फरशी, त्याच पिशव्या, वर हराळी. नवा दगड ते डबा, अंतर बरोबर तेवढंच ठेवलं की कुणाला काही कळणार नाही. डायरी उघडली. एकतीस. मी दगडाला टाच लावली आणि एकतीस पावलं टाकली.

माझी पावलं.

तुमच्या लक्षात आलं असेल. माझ्या नाही आलं. ज्यानं आयुष्यभर दुसऱ्यांना सांगितलं की बाबा, पावलाचा आकडा सांगताना पाऊल कुणाचं ते आधी सांग, त्यानं डायरीत नुसता आकडा बघितला आणि चालू लागला. वहिनीचं पाऊल पावणेदोन फुटांचं. तिची एकतीस म्हणजे सव्वाचौपन्न फूट. माझी एकतीस म्हणजे साडेसत्त्याहत्तर. डबा सव्वातेवीस फूट पुढे गेला.

उन्हाळ्यात ती परत आली. दादानं बांध बघितला आणि म्हणाला, बरं केलंस, मला काही ते जमलं नसतं. मी म्हणालो, वरून थोडी माती टाकलीय. दुसऱ्या दिवशी सकाळी वहिनी एकटीच खुरपं घेऊन बांधावर गेली. मी माझ्या शेतातून बघत होतो. ती मोजत आली, बसली, खणू लागली. मला काही वाटलं नाही. आता काढील, छातीशी धरील, घरी जाईल. ती खणतच राहिली. मग जरा मागे खणलं, जरा पुढे खणलं. वरून माती टाकली असं मी म्हणालो होतो, म्हणून कोपरापर्यंत हात जाईल इतकं खोल खणलं. तेव्हा माझ्या डोक्यात तो आकडा पहिल्यांदा दोन पावलांनी चालला — एक तिचं, एक माझं.

ती उठून माझ्याकडे आली. हात मातीनं भरलेले. तिनं माझ्यावर संशय घेतला असेल, असं तुम्हाला वाटतं ना? ती जागा माहीत असलेला माझ्याशिवाय दुसरा माणूसच नव्हता. पण तिच्या मनातसुद्धा आलं नाही. ती म्हणाली,

“भाऊजी, माझंच पाऊल चुकलं आसंल. तुमी मोजा एकडाव. तुमच्या पावलानं मोजा.”

हे वाक्य मी नऊ वर्षं रोज ऐकतो.

तिच्याबरोबर बांधावर गेलो. दगडाला टाच लावली. पुढे काय करायचं होतं? काहीच नाही. नेहमीसारखं चालायचं होतं. माझं नेहमीचं पाऊल टाकत एकतीस मोजली असती तर मी डब्यावर जाऊन उभा राहिलो असतो.

मी आखूड पावलं टाकली.

इतकंच. हीच ती गोष्ट. बांध सरकवणारा मी एकटाच नाही; आमच्या भागात बांध कोरणारे पुष्कळ सापडतील. पण हे मी केलं. पाय सवयीनं लांब पडायला बघत होते आणि मी ते आवरून धरत होतो, एकेक पाऊल पावणेदोन फुटांचं, आणि मोठ्यानं आकडे म्हणत होतो. तिला ऐकू जावेत म्हणून. ती माझ्या पायांकडे बघत नव्हती. माझ्या पायांकडे कोण कशाला बघेल? ती पुढे बघत होती, जिथे मी थांबणार तिथे. अठरा, एकोणीस, वीस. आयुष्यात इतकं काळजीपूर्वक मी कधी मोजलं नव्हतं. एकतिसाव्या पावलाला मी तिनं खणलेल्या खड्ड्याच्या काठावर बरोबर उभा राहिलो आणि म्हणालो, जागा हीच.

का? त्या क्षणी डोक्यात जे चाललं होतं ते असं. डबा पुढे निघाला तर ती विचारील की ठेवला इथं, निघाला तिथं, कसा? मग बांध उकरल्याचं निघेल. मग दगड. मग वाटणीचा कागद, टेप, चारचौघं. आणि ज्याच्या शब्दावर गाव गप्प बसतं त्याचं काय राहील? एवढं सगळं मी दगडापासून पहिलं पाऊल उचलेपर्यंत मोजून मोकळा झालो. हिशेब चुकीचा होता. तिनं काहीही विचारलं नसतं. ती स्वतःच मला वाट काढून देत होती — तुमच्या पावलानं मोजा. डबा हाती लागला असता तर ती म्हणाली असती, बघा, माझंच चुकलं. आणि रडली असती, आणि घरी गेली असती. हे मला कधी कळलं? संध्याकाळी जेवताना. तोवर उशीर झाला होता, असं मी तेव्हा ठरवलं. उशीर झालेला नव्हता. ठरवलं मात्र तसं.

बांधावर अजून एक गोष्ट घडली होती. खड्ड्याच्या काठावर बसून वहिनीनं विचारलं होतं की या हिवाळ्यात रानात मेंढ्या बसल्या होत्या का. मी म्हणालो, “हो.”

खोटं नव्हतं. सखोबा म्हणून एक म्हातारा मेंढपाळ दरसाल यायचा. त्याचा कळप रानात बसला की खत मिळायचं, त्याला आम्ही धान्य द्यायचो. त्या वर्षीही माझ्या शेतात सहा दिवस होता. माझ्या ‘हो’मध्ये एकही आकडा चुकीचा नव्हता.

मग दादाला कळलं, दादाकडून गावाला. सखोबाचा तांडा तेव्हा चकलांब्याच्या बाजूला उतरला होता. दादा आणि अजून दोघं तिकडे निघाले, आणि मीही गेलो. गेलो नसतो तर वेगळं दिसलं असतं, म्हणून गेलो. सखोबा भांडला नाही. घोड्यावरचं सामान त्यानं स्वतः खाली उतरवलं. एवढंच म्हणाला, “बघा समदं. पर बायकांच्या बोचक्याला गड्यानं हात लावू नका. तुमच्यातली बाई घिऊन या, मग उघडू.”

दादानं ऐकलं नाही. बोचकी उघडली. लुगडी, लहान लेकरांची अंगडी, पिठाची पिशवी, सगळं जमिनीवर. त्याच्या दोन सुना पाठ करून उभ्या राहिल्या. मी पाच पावलांवर उभा होतो. काही निघालं नाही. तरी पुढच्या वर्षी त्याला गावात उतरू दिलं नाही, आणि त्यानंतर तो आलाच नाही. आता तो आहे की नाही, मला माहीत नाही. चौकशी केली असती तर कळलं असतं. चौकशी मी केली नाही.

तुम्ही विचाराल, नंतर का नाही दिला? नऊ वर्षं म्हणजे तीन हजार दोनशेच्या वर दिवस. डबा दारात ठेवून येता आला असता. पाण्यानं माती वाहून वर आला, असं म्हणता आलं असतं. सांगण्यासारखं खोटं पुष्कळ होतं, आणि खोटं बोलायला मी काही नवखा राहिलो नव्हतो. दर वेळी मनात यायचं की डबा आला की लोक विचारतील, मग सखोबाचं काय? आणि मी थांबायचो. दर पावसाळ्याच्या आधी त्या जागेवर दोन टोपली माती मात्र न चुकता टाकतो. बांध खचू नये म्हणून.

बांध मी नेला तिथेच आहे. दगडही. मधे दादाच्या मुलानं ठिबकच्या नळ्या टाकायला शेत मोजून मागितलं. त्याच बांधापासून मोजून दिलं. मुलगा म्हणाला, काका, तुम्ही मोजलंय म्हटल्यावर परत बघायला नको. त्यानं चहा पाजला.

आता वहिनी तोडीला जात नाही. गुडघे गेलेत. दारात बसते, नातीला सांभाळते. ती नात आता सहा वर्षांची झाली. मागच्या महिन्यात मी त्यांच्या दारावरून चाललो होतो, तिनं हाक मारून बसवलं. पोरगी अंगणात खेळत होती. वहिनी तिच्याकडे बघत बसली, मग म्हणाली,

“भाऊजी, समदे म्हणत्यात ही रेणूवाणी दिसती. मी लई बघते, पर मला रेणूचं तोंडच आठवंना आता. तुमाला आठवतं का?”

डबा अकरा दिवस माझ्याकडे होता. मी तो उघडला होता. त्यातली प्रत्येक गोष्ट बाहेर काढून बघितली होती आणि होती तशी परत ठेवली होती. फोटोत रेणू लाकडी स्टुलावर बसलेली आहे. दोन वेण्या, उजव्या वेणीची रिबीन सुटलेली. डोळ्यांवर ऊन आल्यामुळे डावा डोळा बारीक केलाय. पुढचा दात पडला असावा, कारण ओठ घट्ट मिटलेत आणि तरी हसू बाहेर आलंय. कपाळ वहिनीचं. कानाच्या पाळीवर तीळ आहे. नात तिच्यासारखी दिसत नाही, जराही नाही.

मी म्हणालो, “न्हाई वहिनी. लई वर्षं झाली.”

ती म्हणाली, “व्हय, तुमाला तरी कसं आठवंल,” आणि नातीला आत बोलवून माझ्यासाठी पाणी मागवलं.

ते पाणी मी प्यायलो.